एक उद्यान की तिन्ही

मंगळवार, ४ तारीख

आज घरात चालू स्थितीत असलेल्या, माझ्या हातच्या वस्तू:

जेवणाचं टेबल. एकही खिळा नाही, सगळे खाचेचे सांधे. त्याच्या खुर्च्या. त्यातली एक डुगडुगते, ती मेव्हण्यासाठी मुद्दाम तशीच ठेवली आहे. कपडे वाळत घालायची कप्पी, जिची दोरी सोडताना हात भाजत नाही. दारावरची घंटा, जिला दोन बटणं आहेत: वरचं घरच्या माणसाचं, खालचं परक्याचं, आणि दोन्हींचा सूर वेगळा. मुलीचा अभ्यासाचा दिवा, ज्याची मान हव्या त्या बाजूला वळते आणि वळवलेल्या जागी राहते (दुकानातल्या दिव्यांची राहत नाही, बघून घ्या). माळ्यावर चढायची घडीची शिडी. आणि ही वही, शिवण आणि पुठ्ठा धरून.

पहिल्या पानावर ‘खासगी’ असं ठळक लिहिलं असूनही हिने खांद्यावरून हे वाचलं आणि म्हणाली, “पोरगी राहिली की यादीत.”

मी म्हटलं, “ती निम्मी तुझी.”

“निम्मी माझी ना? मग निम्मी तरी लिहा,” असं म्हणून ही गॅस बारीक करायला गेली.

तर तिच्याबद्दल. तिला घरात पक्कड म्हणतात. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी तिने माझं बोट असं काही धरलं की नर्सला येऊन सोडवावं लागलं. आता ती इंजिनिअर झाली आहे. समुद्रापलीकडे एका बंदरात मोठाल्या क्रेनची देखभाल करण्याची नोकरी तिला मिळाली आहे. २९ तारखेला निघायचं. माझं स्वतःचं शिक्षण आठवीपर्यंत; पुढचं सगळं बिघडलेल्या वस्तूंनी शिकवलं. वजनकाटे दुरुस्त करण्याचं माझं दुकान आहे. माझ्या हाताखालून गेलेला काटा खोटं बोलत नाही, एवढं गावात कुणालाही विचारा.

निघण्याआधी तिघांनी दोन दिवस थीम पार्कला जायचं असं ठरलंय. एका तळ्याभोवती तीन उद्यानं आहेत: उंच उद्यान (रोलर कोस्टर वगैरे), जल उद्यान आणि चक्र उद्यान, ज्यात जुनी फिरती यंत्रं आहेत. तिकिटं दोन जातींची. एक उद्यान निवडा आणि दोन्ही दिवस तिथेच काढा. किंवा तिन्ही उद्यानांचं घ्या आणि हवं तिथे भटका. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दीडपट.

मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही. तरी करणार आहे.

बुधवार, ५

मेव्हणा आला. त्याच्या खुर्चीत बसला, डुगडुगला.

“दाजी, तिन्हींचं घ्या. मनात आलं की इकडे, मनात आलं की तिकडे.”

“मनात येण्याचेच पैसे लावलेत त्यांनी. दीडपट.”

“अहो, पोरगी चाललीये सातासमुद्रापार!”

“एकच समुद्र आहे. मी नकाशा बघितलाय.”

“तुम्ही ना, हौससुद्धा वजन करून घेता.”

“वजन न करता घेतली की काय होतं ते तुझ्या व्यायामाच्या सायकलवर दिसतं. टॉवेल चांगले वाळतात म्हणे तिच्यावर.”

ही आणि पक्कड इतक्या हसल्या की तोही हसला. पण त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट सुचली. दुकानातला पितळी तराजू घरी आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. डावं पारडं एका उद्यानाचं, उजवं तिन्हींचं. शेजारी वाटीभर छर्रे, सगळे एका वजनाचे. मी तपासून घेतले. नियम एकच: एक कारण, एक छर्रा, आणि कारण तोंडाने सांगितल्याशिवाय छर्रा टाकायचा नाही.

मी डावीकडे तीन टाकले. पैसे वाचतात. चालणं वाचतं. आणि एक जागा नीट बघून होते. तीन जागा अर्धवट बघणं म्हणजे तीन पुस्तकांची पहिली पानं वाचणं.

मेव्हण्याने उजवीकडे एक टाकला. कारण: “मजा.” कारण कच्चं होतं, पण पाहुणा म्हणून चालवून घेतलं.

शुक्रवार, ७

तीन संध्याकाळी खपून उद्यानांची प्रतिकृती केली. लाकडी फळीवर तळं (निळी काच), तिन्ही उद्यानं, दरवाजे, वाटा. हे सगळं माहितीपत्रकातल्या रंगीत नकाशावरून, बारीक मोजमापाचा व्हर्नियर लावून. नकाशावर प्रमाण छापलेलं नाही, हा त्यांचा निष्काळजीपणा. पण उंच उद्यानाच्या दरवाजात एक छत्रीवाली बाई काढली आहे. तिची उंची पाच फूट दोन इंच धरली, टाचा वजा केल्या आणि त्यावरून सगळं प्रमाण बसवलं.

त्याप्रमाणे उंच उद्यानातून चक्र उद्यानात जायला तळ्याला अर्धा वळसा घालून पाऊण तास चालावं लागतं. म्हणजे तिन्हींचं तिकीट काढणारा माणूस निम्मा दिवस वाटेवरच असतो.

पक्कड येऊन वाकून बघत राहिली.

“बाबा, या बाईच्या शेजारचं फुलपाखरू तिच्या डोक्याएवढं आहे.”

“ते मी हिशेबात धरलेलं नाही. ती चित्रकाराची हौस.”

“बरोबर,” ती म्हणाली. मग म्हणाली, “फार सुंदर झालंय, बाबा. ही काच तर...” आणि तोंडावर हात धरून गॅलरीत गेली. तिच्यामागोमाग ही गेली. बराच वेळ दोघींचे खांदे हलताना दिसत होते. खोकला असावा. एवढ्या लांब जाण्याआधी डॉक्टरला दाखवून घे, असं मी तिला सांगितलं.

शनिवार, ८

सकाळी तराजू बघितला तर डावीकडे चारऐवजी पाच छर्रे. (चौथा मी काल पाऊण तासाचा टाकला होता.) उजवीकडे एकाऐवजी दोन.

कारण न सांगता टाकले आहेत. मी नाश्त्याच्या वेळी जाब विचारला. मेव्हणा तर आलेलाही नव्हता. हिने कपात बघितलं. पक्कड म्हणाली, “उजवीकडचा माझा. कारण नंतर सांगेन.”

“नंतर म्हणजे केव्हा?”

“तिथे गेल्यावर.”

“तिथे गेल्यावर तिकीट काढून झालेलं असेल. मग कारणाचं काय लोणचं घालायचंय?”

“हो,” ती म्हणाली आणि माझ्या ताटलीतला अर्धा टोस्ट उचलून निघून गेली.

डावीकडचा कुणाचा, हे कुणीच कबूल करेना. वजन तर पडलंय, म्हणून दोन्ही छर्रे राहू दिले. पण पद्धत मोडली की असं होतं.

मंगळवार, ११

दुकानात फार गिऱ्हाईक नव्हतं. पक्कड डबा घेऊन आली आणि काउंटरवर बसून पाय हलवत राहिली, शाळेत असताना बसायची तशी. आता पाय जमिनीला टेकतात, म्हणून जरा दुमडून हलवावे लागतात.

“बाबा, खरं सांगा. तुम्हाला त्यातलं कुठलं उद्यान बघायचंय?”

“मला काय? कुठलंही.”

“कुठलंही म्हणजे?”

“कुठलंही म्हणजे उंच उद्यान. तुला त्या रोलर कोस्टरची हौस आहे ना लहानपणापासून?”

आठ वर्षांची असताना तिला एका जत्रेत पाळण्यावर बसू दिलं नव्हतं. उंचीच्या दांडीला दोन बोटं कमी पडली. मी खिशातून टेप काढून दांडीच मोजली होती. दांडी बरोबर होती. मी तसं तिला सांगितलंही.

ती म्हणाली, “आणि चक्र उद्यान?”

“त्यात काय आहे? जुनी लोखंडं.”

“शंभर वर्षांचं घोड्यांचं चक्र आहे. अजून हाताने तेल घालतात.”

“एकशे चार,” मी म्हटलं. “बेअरिंग मूळचंच आहे. घोडे एकाच कारागिराने कोरलेत, पण प्रत्येकाचा कान वेगळा. असो. ते काही खास नाही.”

ती माहितीपत्रकाकडे बघत होती. ते आता टेबलावर ठेवलं की आपोआप त्याच पानावर उघडतं. छपाईच्या वेळी बांधणी चुकली असणार.

निर्णय झाला: उंच उद्यान, एका उद्यानाचं तिकीट, तिघांना. तराजूही डावीकडेच झुकलेला आहे. खरं कारण मात्र पारड्यात टाकलेलं नाही, ते इथेच लिहून ठेवतो. तिन्हींचं तिकीट घेतलं की ती आपली धावत सुटेल, या उद्यानातून त्या उद्यानात, आणि आम्ही दोघं मागून पिशव्या घेऊन. दोन दिवस आहेत. एका कुंपणाच्या आत तरी राहतील.

तिकीट दारावरच काढणार. फोनवरच्या तिकिटावर माझा विश्वास नाही.

गुरुवार, १३ (लॉजवरून)

पोहोचलो. खोली उद्यानाच्या दरवाजासमोरच. पलंगाचा एक पाय आखूड होता, पुठ्ठ्याची घडी घालून बसवला. नळ ठिबकत होता, तो थांबवला. खिडकीची कडी उलटी लावलेली होती, ती सुलट केली.

“आलो कशासाठी आपण?” हिने विचारलं.

पक्कड म्हणाली, “आई, त्यांना खेळू दे. त्यांचं उद्यान सुरू झालं.”

हिने पाण्यात घालायचे नवे कपडे आणलेत, निळे, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच लटकतेय. मी म्हटलं, “आपण उंच उद्यानात चाललोय, तिथे पाणी नाही.” ही म्हणाली, “असू देत. सवलतीत मिळाले.”

शुक्रवार, १४

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळी मी रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोहोचून “तीन, उंच उद्यान, एकाच...” एवढं म्हणतोय तोच मागून पक्कडचा हात पुढे आला. हातात तीन जांभळ्या मनगटपट्ट्या. तिन्ही उद्यानांच्या. आठवड्यापूर्वीच काढून ठेवलेल्या, शिकवण्यांचे पैसे साठवले होते त्यातून.

मला राग आला. सगळ्या रांगेदेखत आला, हे खरं.

“तराजू कशाला मांडला होता मग मी?”

“बाबा, ऐका तरी...”

“दोन दिवस. दोन दिवससुद्धा तुला आमच्याबरोबर एका जागी थांबवत नाही!”

तिचा चेहरा एकदम पडला. मग तिलाही राग चढला. “आणि उंच उद्यानात तुम्ही काय करणार होतात? तुम्ही तर बसणार नाही कशात. दोन दिवस बाकावर पर्स सांभाळत बसणार?”

“मी तुला वर जाताना बघणार होतो.”

खिडकीतली मुलगी सुट्टे पैसे मोजायची थांबली. मग ही म्हणाली, “चला, मागे रांग आहे,” आणि माझ्या मनगटाला पट्टी बांधून टाकली. जरा घट्टच बांधली.

उंच उद्यानात रोलर कोस्टरच्या तोंडाशी उंचीची दांडी होती. पक्कड तिच्याजवळ गेली, पाठ टेकवून ताठ उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. दांडी तिच्या खांद्याशी येत होती. मागची लहान पोरं हसायला लागली. मी लांबूनच हात वर करून ‘पास’ केलं. माझा राग तिथे थोडा उतरला असावा, कारण पुढे तो शोधला तर सापडेना.

ती वर गेली. मी बाकावरून बघितलं. वळणावर तिचा आवाज आला. बाकी बारा माणसं ओरडत होती तरी मला ओळखू आला. हिने माझा दंड धरला होता. तिचं म्हणणं, मीच तिचा धरला होता.

बारा वाजता पक्कड म्हणाली, “आता चक्र उद्यान.”

मी म्हटलं, “जेवून घेऊ आधी. पाऊण तास चालायचंय.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आइस्क्रीमच्या गाडीमागच्या कमानीतून आम्हाला आत नेलं. आत म्हणजे चक्र उद्यानात. दोन उद्यानांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या आहेत. मध्ये एक भिंत, भिंतीत एक कमान.

मी कमानीत थांबलो. पुढे बघितलं, मागे बघितलं.

“नकाशा चुकीचा आहे,” मी म्हटलं.

“तो नकाशा नाहीये, बाबा. चित्र आहे.”

“मग त्यावर ‘नकाशा’ असं छापायचं नाही. मी लेखी तक्रार देणार.”

“नक्की द्या,” ती म्हणाली.

हिच्याकडून नंतर कळलं की पक्कडला हे पहिल्याच संध्याकाळी माहीत होतं. मी म्हटलं, “मग बोलली का नाही?” ही म्हणाली, “तुम्ही तीन संध्याकाळी बसून ते तळं बसवलं होतंत.” या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला कळलं नाही. चूक वेळीच सांगितली असती तर काच तरी वाचली असती.

घोड्यांचं चक्र. याबद्दल मी पानं भरू शकतो, पण थोडक्यात लिहितो. कान खरंच वेगळे आहेत. बेअरिंगचा आवाज येतो, पण तो बिघाडाचा नाही, वयाचा आहे. तेल घालणाऱ्या म्हाताऱ्याने मला कुंपणाच्या आत येऊ दिलं आणि तेलाची झारी हातात दिली. एका खाचेत मी तेल घातलं. यादीत हे धरायचं की नाही, ठरवायचं आहे.

मग पक्कड म्हणाली, “चला, बसा.”

“मी? या वयात?”

“घोड्याचं वय एकशे चार आहे.”

बसलो. ती शेजारच्या घोड्यावर. माझा वर जायचा तेव्हा तिचा खाली, त्यामुळे बोलायला नीट जमेना. मी वर असताना ती काहीतरी म्हणाली.

“काय?”

“हाच तो छर्रा!” ती खालून ओरडली. “उजवीकडचा! एकाच उद्यानाचं काढलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी उंच घेतलं असतं. आणि हे बघितलं नसतंत.”

मी म्हटलं, कारण आधी सांगितलं असतं तर रीतसर धरलं असतं. पण तोवर मी खाली आलो होतो आणि ती वर, तिला ऐकू गेलं नसावं. आम्ही पाच फेऱ्या केल्या. ही कारंज्याच्या कठड्यावर पाण्यात पाय सोडून बसली होती आणि दर फेरीला आम्हाला हात करत होती, जणू आम्ही आत्ताच गावाहून आलोय.

परतताना ही म्हणाली, “डावीकडचा माझा होता.”

“कारण?”

“तुमचंच. जे तुम्ही टाकलं नाहीत.”

माझं न टाकलेलं कारण फक्त या वहीत आहे. ‘खासगी’ हा शब्द आता आणखी मोठा काढावा लागणार.

जल उद्यान उद्यावर ठेवलं. हिने पिशवीतून निळे कपडे काढून खुर्चीवर पसरून ठेवले, सुरकुत्या जाव्यात म्हणून.

सात वाजता पक्कडला फोन आला. ती खिडकीशी जाऊन बोलली. “हो सर” ऐकू आलं, बरेच वेळा. तिच्या जागेवरचा जुना माणूस मध्येच सोडून गेला आहे. बुधवारी हजर व्हायचं. म्हणजे सोमवारी निघायचं. म्हणजे उद्या सकाळी घरी परतायचं, बांधाबांध सगळी बाकी आहे.

“वर्षभर सुट्टी मिळणार नाही,” ती म्हणाली. “मी विचारलं. कामावर लागायच्या आधीच सुट्टी विचारलेली त्यांना आवडली नसावी.”

“क्रेनचं काम आहे,” मी म्हटलं. “क्रेन थांबत नाही.”

हिने निळे कपडे घडी करून परत पिशवीत ठेवले. चिठ्ठी आत खोचून.

शनिवार, १५ (परतीच्या गाडीत)

पक्कड समोरच्या बाकावर झोपली आहे. तोंड थोडं उघडं. ही खिडकीबाहेर बघतेय. मी हे गुडघ्यावर लिहितोय, अक्षर नेहमीचं नाही.

सकाळी निघताना पक्कड म्हणाली, “बाबा, दुसरा दिवस वापरला नाही, त्याचे पैसे परत मिळतात का विचारा. दीडपट घालवले मी तुमचं ऐकून.”

“ऐकून कुठे? न ऐकता,” मी म्हटलं.

“तेच ते. विचारा पण.”

त्या दोघी सामान घेऊन रिक्षापाशी थांबल्या. मी खिडकीशी जाऊन आलो आणि सांगितलं, “बंद आहे. दहाला उघडते.” पक्कड म्हणाली, “जाऊ दे, फोनवरून बघते.” मी म्हटलं, फोनवरून होत नाही, समक्षच लागतं, पाटी लावली आहे. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पिशवी उचलली.

वहीत खोटी नोंद नको, म्हणून खरं ते लिहितो. खिडकी उघडी होती. कालचीच मुलगी बसली होती, तिने मला ओळखलं. म्हणाली, “काका, राहिलेला दिवस वर्षभर चालतो. पण एका नावावरच्या तीन पट्ट्या आहेत, तिघांना एकत्रच यावं लागेल. दोघं आलात तर घेणार नाहीत.”

मी म्हटलं, “मुलीला वर्षभर सुट्टी नाही.”

“मग पैसेच घ्या ना. नाहीतर फुकट जातील. लगेच देते.” तिने ड्रॉवर उघडला सुद्धा.

मी शेवटची तारीख विचारून घेतली. पुढच्या वर्षीची, कालचीच, १४.

तीन माणसांचा एक दिवस, त्यांची कपात वजा जाता, रोख. मी नको म्हणालो. पाच हजार आठशे वीस.